सेकंद हा नेमका कशाचा दुसरा?

मराठीने एकच इंग्रजी शब्द दोन वेळा, दोन वेगळ्या वेषांत घरात घेतला आहे. घड्याळात तो ‘सेकंद’ आहे आणि त्याच्या शेवटी ‘द’ आहे. ‘सेकंड हँड गाडी’, ‘सेकंड इयर’, ‘सेकंड क्लासचा डबा’ यांत तो ‘सेकंड’ आहे आणि त्याच्या शेवटी ‘ड’ आहे. पहिल्याला आपण इतके आपलेसे केले आहे की सेकंदाला, सेकंदात, सेकंदभर असे प्रत्यय त्याला सहज लागतात आणि तो परका असल्याची आठवणही राहत नाही. त्यामुळे हे दोन शब्द मुळात एकच आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला मात्र दोन्हींचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखे दिसते आणि ते विचारते, ‘सेकंड म्हणजे दुसरा, तर घड्याळातला सेकंद कशाचा दुसरा? मग पहिला कुठे आहे?’ हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याचे सरळ उत्तर आहे, आणि ते उत्तर शोधताना आपल्या ‘सचिव’, ‘अनुकूल’, ‘भाषांतर’ आणि ‘भाऊबीज’ या शब्दांचीही भेट होते.

शब्दात ‘दोन’ नाहीच

संख्येचे शब्द दोन प्रकारचे असतात. ‘एक, दोन, तीन’ हे शब्द वस्तू किती आहेत ते सांगतात. ‘पहिला, दुसरा, तिसरा’ हे शब्द वस्तूचे रांगेतले स्थान सांगतात, आणि त्यांना व्याकरणात क्रमवाचक म्हणतात. मराठीतल्या ‘दुसरा’ या क्रमवाचकातला ‘दु’ सरळ ‘दोन’कडे बोट दाखवतो. इंग्रजीतही ‘थ्री’वरून ‘थर्ड’, ‘फोर’वरून ‘फोर्थ’, ‘फाइव्ह’वरून ‘फिफ्थ’ अशी नाती उघड दिसतात. ‘सेकंड’मध्ये मात्र ‘टू’चा मागमूसही नाही.

याचे कारण असे की हा शब्द मोजणीतून जन्मलेलाच नाही. लॅटिन भाषेत ‘सेक्वी’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ होता मागून जाणे, अनुसरणे. त्यापासून ‘सेकुंदुस’ हे विशेषण झाले, म्हणजे मागून येणारा. लॅटिनमधून तो फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून, साधारण १३००च्या सुमारास, इंग्रजीत आला. तेव्हा ‘सेकंड’चा मूळ अर्थ ‘क्रमांक दोनचा’ असा नसून ‘पुढच्याच्या पाठोपाठचा’ असा आहे.

हे तर्कशास्त्र आपण रोज वापरतो. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत उभे राहताना कोणीही मी सतरावा आहे, असे मोजून सांगत नाही. ‘मी या काकूंच्या मागे आहे’ एवढेच सांगून माणूस पिशवी ठेवून सावलीत जाऊन बसतो. आपले स्थान ठरवायला पुढचा एक माणूस पुरतो. लॅटिन भाषकांनी दुसऱ्याला नाव देताना नेमके हेच केले.

मग तिसराही कोणाच्या तरी मागूनच येतो, त्याला ‘मागून येणारा’ का म्हटले नाही, अशी शंका येईल. पहिल्याच्या थेट मागे येणारा एकच असतो. त्यानंतर मात्र ‘मागून येणाऱ्याच्या मागून येणारा’ असे म्हणत बसावे लागेल, आणि तिथे मोजणीला पर्याय राहत नाही. म्हणून लॅटिनमध्येही तिसऱ्यासाठी तीनवरून झालेला शब्द आहे.

मागून येणारा वारा

‘सेकुंदुस’ या लॅटिन शब्दाचा आणखी एक अर्थ होता, आणि तो मला फार बोलका वाटतो. शिडाच्या जहाजाला पाठीमागून येणारा वारा पुढे ढकलतो. म्हणून मागून येणारा वारा म्हणजे चांगला वारा. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणेही याच शब्दाने सांगितले जाई. त्यामुळे ‘सेकुंदुस’ला ‘हितकारक, साथ देणारा’ असा अर्थ चिकटला.

हा अर्थाचा प्रवास परका वाटत असेल, तर आपला ‘अनुकूल’ हा शब्द उलगडून पाहावा. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ आणि ‘अनु’ म्हणजे मागोमाग, धरून. काठाला धरून, प्रवाहाच्या ओघाने जे जाते ते अनुकूल, आणि काठाच्या उलट जे जाते ते प्रतिकूल. संस्कृत आणि लॅटिन बोलणाऱ्या माणसांनी नदीकाठी उभे राहून एकाच अनुभवातून एकसारखे शब्द घडवले.

सूचक, अनुमोदक आणि सोसायटीचे सचिव

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक जण ठराव मांडतो, त्याला सूचक म्हणतात. दुसरा त्याला पाठिंबा देतो, त्याला अनुमोदक म्हणतात. इतिवृत्त इंग्रजीत लिहायचे असेल, तर अनुमोदनाच्या जागी ‘सेकंडेड बाय’ असे लिहिले जाते. अनेकांना वाटते की ठरावावर दुसऱ्या क्रमांकाने बोलतो म्हणून तो ‘सेकंड’ करणारा. वस्तुतः हा अर्थ त्या मागून येणाऱ्या वाऱ्याचा आहे: लॅटिनमध्ये याच शब्दावरून ‘साथ देणे, पुढे जाण्यास मदत करणे’ या अर्थाचे क्रियापद झाले होते, आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजी सभाशास्त्रात आले. आपल्या ‘अनुमोदन’मध्येही तोच ‘अनु’ बसलेला आहे.

त्याच सभेत समोर बसलेल्या सचिवांचे पदनाम तर या शब्दाच्या रक्ताच्या नात्यातले आहे. संस्कृतात ‘सच्’ असा धातू आहे आणि त्याचा अर्थ सोबत असणे, बरोबर जाणे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या शेवटी अग्नीला ‘सचस्वा नः स्वस्तये’ अशी विनवणी आहे, म्हणजे ‘आमच्या कल्याणासाठी आमच्या सोबत राहा’. याच धातूपासून ‘सचिव’ झाला: राजाच्या सोबत राहणारा, त्याचा सहकारी. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या प्रधानमंडळातल्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली, तेव्हा ‘सुरनीस’चा ‘सचिव’ झाला, आणि तो शब्द आज मंत्रालयापासून सोसायटीच्या फलकापर्यंत पोहोचला आहे.

संस्कृतातला ‘सच्’ आणि लॅटिनमधला ‘सेक्वी’ हे एकाच पूर्वज शब्दाचे वंशज मानले जातात. इतकेच नव्हे, ‘सोबती’ या अर्थाचा जो लॅटिन शब्द ‘सोसायटी’च्या मुळाशी आहे, तोही याच कुळातला, आणि आपला ‘सखा’ही बहुतेक अभ्यासकांच्या मते याच कुळातला. ‘सोसायटीचे सचिव’ हे दोन शब्द उच्चारताना आपण हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भावंडांना शेजारी बसवतो.

हे केवळ ध्वनिसाम्य नव्हे कशावरून?

ही शंका रास्त आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचे नाते जोडण्याचा मोह वाईट असतो आणि त्यातून पुष्कळ खोट्या व्युत्पत्त्या तयार होतात. भाषाशास्त्रात नाते मानण्यासाठी ध्वनींचा नियमित मेळ दाखवावा लागतो. लॅटिनमध्ये जिथे ‘क्व’ येतो, तिथे संस्कृतात अनेकदा ‘च’ येतो, हे सुट्या उदाहरणांवरून नव्हे तर शब्दांच्या मालिकेवरून दिसते. लॅटिनमध्ये चारला ‘क्वात्तुओर’ म्हणतात, संस्कृतात ‘चत्वारः’. लॅटिनमध्ये ‘आणि’ या अर्थाने शब्दाच्या शेवटी ‘क्वे’ जोडतात, संस्कृतात ‘च’. लॅटिनमध्ये पाच म्हणजे ‘क्विंक्वे’, संस्कृतात ‘पञ्च’, आणि तिथेही शेवटच्या ‘क्व’समोर ‘च’च उभा आहे. याच मेळाने ‘सेक्वी’समोर ‘सच्’ येतो.

हाच निकष लावला, तर कानाला जवळचे वाटणारे एक नाते तोडावेही लागते. ‘सेक्रेटरी’ आणि ‘सचिव’ एकाच अर्थाने वापरले जातात आणि दोन्हींची सुरुवातही ‘स’ने होते; पण ‘सेक्रेटरी’ हा शब्द ‘गुप्त, वेगळे ठेवलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. तो गुपिते सांभाळणारा होता; सचिव हा सोबत चालणारा आहे.

इंग्रजीचा स्वतःचा शब्द कुठे गेला?

इंग्रजीसारख्या भाषेला ‘दुसरा’ एवढ्या साध्या अर्थासाठी परक्या दारात जावे लागले, हे चमत्कारिक वाटते. एक, तीन, चार, दहा हे सर्व तिचे स्वतःचे आहेत. दहाच्या आतील क्रमवाचकांत उसना शब्द हा एकच. जुन्या इंग्रजीत दुसऱ्यासाठी वापरला जाणारा शब्द होता ‘ओदर’, म्हणजेच आजचा ‘अदर’. अडचण अशी होती की त्याच शब्दाचा ‘निराळा, वेगळा’ असाही अर्थ होता. राजाचा ‘ओदर’ मुलगा म्हणजे क्रमाने दुसरा की नुसताच आणखी एक, हे संदर्भावरूनच कळे.

ही अडचण मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण आपण अजून तिच्यातच राहतो. ‘दुसरा डबा आण’ असे सांगितले, तर फळीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा डबा आणायचा की हा नको म्हणून वेगळा आणायचा? ‘दुसऱ्या माणसाला विचार’ याचेही दोन अर्थ होतात. आपण आवाजाच्या चढउतारावर आणि प्रसंगावर भिस्त ठेवून ते निभावतो, आणि नेमकेपणा हवाच असेल तेव्हा ‘द्वितीय’ किंवा ‘क्रमांक दोन’ म्हणतो. इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मन लोकांनी ताबा मिळवला आणि पुढची काही शतके दरबार, न्यायालय व कागदपत्रे यांत फ्रेंचचे वर्चस्व राहिले. तेव्हा हाताशी असलेला ‘सेकंड’ उचलून इंग्रजीने हा संदिग्धपणा मिटवला. ‘सेकंड’ क्रमासाठी राहिला आणि ‘अदर’ वेगळेपणासाठी.

जुना अर्थ मात्र एका कोपऱ्यात टिकला आहे. ‘एव्हरी अदर डे’ या शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ लावताना विद्यार्थी गोंधळतात, कारण त्याचा अर्थ ‘प्रत्येक वेगळ्या दिवशी’ असा नसून ‘दर दुसऱ्या दिवशी’, म्हणजे आपल्या भाषेत ‘एक दिवसाआड’ असा आहे. तिथला ‘अदर’ हा क्रमवाचकच आहे. जर्मन भाषेतही या शब्दाचे भावंड दुसऱ्यासाठी वापरले जाई आणि तिथे आजही दीडला ‘आंडरठाल्ब’ म्हणतात, म्हणजे ‘दुसरा अर्धा’: पहिला पूर्ण आणि दुसऱ्याचा अर्धा भाग. ही मोजण्याची रीत ऐकून नवल वाटायला नको. आपला ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ याचे प्राकृतातून झालेले रूप आहे: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. ‘औट घटकेचा राजा’ यातला ‘औट’ म्हणजे साडेतीन. तोही तसाच, चौथा अर्धा.

आणि या ‘अदर’चे संस्कृतातले भावंड म्हणजे ‘अन्तर’, ‘वेगळा, दुसरा’ या अर्थाचा. दोन गावांमधले अंतर मोजताना वापरतो तो अर्थ इथे नाही; ‘भाषांतर’, ‘देशांतर’, ‘जन्मांतर’ यांत जो आहे तो. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा.

‘पहिला’ तरी ‘एक’वरून आला आहे का?

यावर कोणी म्हणेल की मराठीत सारे क्रमवाचक अंकांवरून नीट बनतात आणि गोंधळ इंग्रजीत आहे. तसे नाही. ‘पहिला’ या शब्दात ‘एक’ कुठे दिसतो? ‘प्रथम’मध्येही तो नाही. ‘प्रथम’च्या मुळाशी ‘प्र’ आहे, म्हणजे पुढे; प्रथम म्हणजे सर्वांत पुढचा. त्याच्याशी नाते सांगणारी रूपे प्राकृतातून मराठीत येऊन ‘पहिला’ झाला. इंग्रजी ‘फर्स्ट’ही ‘वन’वरून आलेला नाही, तोही ‘पुढे’ या अर्थाच्या शब्दाचे ‘सर्वांत पुढे’ असे रूप आहे, आणि ‘प्र’शी त्याचे दूरचे नाते आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रांगेची पहिली दोन स्थाने अनेक भाषांना मोजणीची वाटलीच नाहीत. सर्वांत पुढचा तो पहिला आणि त्याच्या पाठोपाठचा तो दुसरा, हे नजरेला दिसते. बोटे मोजायला खरी सुरुवात तिसऱ्यापासून होते. मराठीच्या ‘दुसरा’मध्ये ‘दोन’ आहे हे खरे, परंतु त्यातला ‘सरा’ हा ‘सृ’ म्हणजे सरकणे, चालणे या धातूशी जोडावा, असे एक मत आहे; ते मानले तर आपल्या ‘दुसरा’तही चालण्याची खूण आहे.

परक्या दारात जाण्यात तर मराठी इंग्रजीपेक्षा पुढेच गेली. दुसऱ्या स्थानासाठी आपण फारसीतून ‘दुय्यम’ घेतला आणि अरबीतून पहिल्यासाठी ‘अव्वल’ घेतला. घराचा दस्त नोंदवायला आजही दुय्यम निबंधकांकडे जावे लागते, आणि तहसील कचेरीत अव्वल कारकून असतो. संस्कृतातून सरळ उचललेला ‘द्वितीय’ आपल्याकडे आहे. आणि त्याच ‘द्वितीया’चे लोकांच्या तोंडी झिजलेले रूप ‘बीज’ही आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, यात पेरायच्या बीजाचा संबंध नाही. दुसरेपणाने लग्नाला उभ्या राहणाऱ्या पुरुषाला ‘बिजवर’ म्हणतात, तो ‘बिज’ही हाच.

आता घड्याळाकडे: पहिली चिल्लर, दुसरी चिल्लर

मूळ प्रश्नाकडे येण्यासाठी जुन्या नाण्यांची आठवण उपयोगी पडेल. १९५७ साली दशमान पद्धत येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत आणि आण्याचे चार पैसे होत. समजा, त्या काळी लोकांनी आण्याला ‘रुपयाची पहिली चिल्लर’ आणि पैशाला ‘रुपयाची दुसरी चिल्लर’ असे नाव दिले असते. एवढे लांब नाव रोज कोण घेणार? काही पिढ्यांत एकाची नुसती ‘चिल्लर’ झाली असती आणि दुसऱ्याची नुसती ‘दुसरी’. पुढच्या पिढ्यांनी मग विचारले असते की ही दुसरी कशाची दुसरी?

घड्याळात तंतोतंत हेच घडले. मध्ययुगीन युरोपातल्या लॅटिन ग्रंथांत साठाव्या भागाला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे ‘पहिला बारीक भाग’ म्हणत. त्या भागाचे पुन्हा साठ भाग केले की ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे ‘दुसरा बारीक भाग’ मिळे. पहिल्या नावातला ‘बारीक’ तेवढा उरला, तो ‘मिनिट’. दुसऱ्या नावातला ‘दुसरा’ तेवढा उरला, तो ‘सेकंद’. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: सेकंद हा तासाची दुसऱ्यांदा केलेली बारीक वाटणी आहे, आणि पहिली वाटणी म्हणजे मिनिट.

सभेच्या इतिवृत्ताला इंग्रजीत ‘मिनिट्स’ म्हणतात, तो शब्दही याच ‘बारीक’मधून आला आहे. सभेत मिनिटामिनिटाला काय झाले याची नोंद, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण मूळ अर्थ बारीक अक्षरांत घाईने केलेले टिपण, असा आहे.

साठच भाग का, आणि ‘थर्ड’ का नाही?

साठच्या पटीत मोजण्याची पद्धत प्राचीन बाबिलोनची. साठला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस आणि तीस यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे वाटणी करताना ती सोयीची पडे. ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी ती उचलली, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात काम करणाऱ्या टॉलेमीच्या ग्रंथामुळे ती रूढ झाली. मात्र तिथे ती वेळेपेक्षा कोन मोजण्यासाठी होती: वर्तुळाचे ३६० अंश, अंशाचे साठ पहिले भाग, त्या प्रत्येकाचे साठ दुसरे भाग. अरबी विद्वानांनी या ‘दुसऱ्या’ भागाला आपल्या भाषेत ‘सानिया’ म्हटले, म्हणजे दुसरी. आणि अरबीतून लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांनी ही नावे युरोपात रुजवली.

कोनासाठी मिनिट आणि सेकंद आजही वापरात आहेत. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते ८२ अंश ३० मिनिटे पूर्व आहे, आणि त्या तीस मिनिटांचा तुमच्या मनगटावरच्या मिनिटांशी संबंध एवढाच की दोन्ही ‘पहिले बारीक भाग’ आहेत. नकाशात मिनिटासाठी अंकाच्या डोक्यावर एक तिरकी रेघ आणि सेकंदासाठी दोन रेघा काढतात. पहिली वाटणी आणि दुसरी वाटणी.

आपल्याकडच्या ज्योतिर्गणितातही ही परंपरा आहे. अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. कलेचे दुसरे नाव ‘लिप्ता’. तो ग्रीक भाषेतल्या ‘बारीक’ या अर्थाच्या ‘लेप्टॉन’ या शब्दावरून संस्कृतात आला, म्हणजे ‘मिनिट’ची कल्पना आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. वेळेसाठी दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे होती. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे, विपळ सेकंदाच्या दोन पंचमांशाचे. कलेवरून विकला, पळावरून विपळ: लॅटिनने ‘दुसरा’ हा शब्द वापरून जे सांगितले, ते संस्कृताने एका ‘वि’ने सांगितले.

मग सेकंदाचे पुन्हा साठ भाग करून ‘थर्ड’ का आले नाहीत? आले होते. साधारण इसवी सन १०००च्या सुमारास अल् बिरुनी या खगोलगणित करणाऱ्या विद्वानाने चंद्राच्या स्थितीच्या गणितात सेकंदाखालचे तिसरे आणि चौथे भागही दिले, आणि १२६७ साली रॉजर बेकन या इंग्रज विद्वानानेही पौर्णिमांच्या वेळा अशाच तिसऱ्या-चौथ्या भागांपर्यंत लिहिल्या. हे सारे कागदावरचे गणित होते. एवढा सूक्ष्म काळ दाखवणारे साधन कोणाजवळही नव्हते. तशी साधने आली तोपर्यंत दशांश अपूर्णांक रुळले होते, म्हणून सेकंदाखाली साठ भाग करण्याऐवजी दहांश, शतांश, सहस्रांश आले.

लंबकापासून अणूपर्यंत

खुद्द सेकंदही शतकानुशतके कागदावरच होता. १६५६ साली क्रिस्तिआन हॉयगेन्स या डच वैज्ञानिकाने लंबकाचे घड्याळ बनवले, आणि तेव्हापासून सेकंद भरवशाने मोजता येऊ लागला. घरी हा प्रयोग करता येतो. साधारण ९९ सेंटिमीटर दोऱ्याला एखादे लहानसे जड वजन बांधून हलकेच झोका दिला, तर ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला जवळपास एक सेकंद घेते.

त्या काळापर्यंत आणि नंतरही बराच काळ सेकंदाची व्याख्या नावाप्रमाणेच होती. दिवसाचे चोवीस तास, तासाची साठ मिनिटे, मिनिटाचे साठ सेकंद, म्हणजे सेकंद हा दिवसाचा ८६,४०० वा भाग. दिवस मालक होता आणि सेकंद त्याच्या मागून चालणारा. पण पृथ्वीचे फिरणे एकसारखे नाही. चंद्राच्या ओढीने उठणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे ती अतिशय सावकाश मंदावते, आणि मधूनमधून तिचा वेग थोडा वाढतोही. मापाचा आधारच हलत असेल, तर त्याच्या तुकड्यावर विसंबता येत नाही.

म्हणून १९६७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सेकंदाची सूर्याशी असलेली गाठ सोडली. सीझियम या मूलद्रव्याच्या अणूतून ठरावीक स्थित्यंतराच्या वेळी जे प्रारण निघते, त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने पूर्ण व्हायला लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, असे ठरले. १९८३ पासून मीटरही सेकंदावर आधारला गेला: प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, ते एक मीटर. आता मिनिटाचे सेकंद होत नाहीत. सेकंदांचे मिनिट होते.

लीप सेकंद आणि २०३५

अणूवर चालणारे घड्याळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावर चालणारा दिवस यांत हळूहळू तफावत पडते. ती एका सेकंदापेक्षा कमी राहावी म्हणून १९७२ पासून गरजेप्रमाणे जागतिक वेळेत एक जादा सेकंद घुसवला जाऊ लागला. हाच लीप सेकंद. अधिक महिना घालून चांद्रवर्षाची सौरवर्षाशी सांगड घालतात, तशीच ही योजना. फरक असा की अधिक महिना कधी येणार हे पंचांगकर्त्याला कितीतरी वर्षे आधी सांगता येते. पृथ्वीच्या वेगातले चढउतार तसे सांगता येत नाहीत, त्यामुळे लीप सेकंदाची सूचना जेमतेम सहा महिने आधी मिळते. १९७२ पासून असे २७ सेकंद घालण्यात आले.

एका सेकंदाने कोणाचे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. स्वयंपाकघरात किंवा शाळेच्या घंटेला काहीच बिघडत नाही. परंतु संगणकांची जाळी, उपग्रहांवरून होणारे मार्गदर्शन आणि बँकांचे व्यवहार यांत कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागावरून ठरते. मिनिटात साठऐवजी एकसष्ट सेकंद आले की क्रम लावणारी यंत्रणा अडखळते. २०१२च्या जूनअखेरीस घातलेल्या सेकंदाने अनेक संगणकसेवा खरोखरच बंद पडल्या होत्या. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की अणुघड्याळ आणि पृथ्वी यांच्या वेळांत चालणाऱ्या फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवावी. मर्यादा सैल झाली की दर काही वर्षांनी सेकंद घालण्याची गरज उरणार नाही.

मग घड्याळ सूर्यापासून भरकटणार नाही का? भरकटेल, पण अतिशय मंद गतीने. १९७२ पासूनच्या जवळपास पाच दशकांत सत्तावीस सेकंद लागले. शंभर वर्षांत फरक एखाद्या मिनिटाच्या आसपास राहील, असा अंदाज आहे. भारतात तर आपण याहून कितीतरी मोठा फरक रोज पत्करतो: प्रमाणवेळेचे रेखावृत्त मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे मुंबईचा मध्यान्ह घड्याळातल्या बारापेक्षा सरासरीने अर्ध्या तासाहून अधिक उशिरा होतो, आणि त्याने कोणाचे अडत नाही.

सर्वांत अलीकडचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ रोजी जागतिक वेळेनुसार मध्यरात्री घालण्यात आला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ची पहाट होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजले नाहीत. आधी ५ वाजून २९ मिनिटे ६० सेकंद झाले, आणि मग साडेपाच.